महापालिकेच्या उद्यानात परिसरातील रहिवाशांना प्राधान्य मागता येईल का?

पूर्वउपनगर

आमच्या इमारतीपासून चालत पाच मिनिटांवर महापालिकेचे एक उद्यान आहे. दोन वर्षांपूर्वी त्याचे नूतनीकरण झाले. चालण्यासाठी नवा मार्ग, खुली व्यायामशाळा, मुलांसाठी झोके-घसरगुंड्या आणि संध्याकाळी रंगीत दिव्यांचे कारंजे अशी भर पडली, आणि तेव्हापासून हे उद्यान आपले राहिले नाही अशी परिसरातील बहुतेकांची भावना झाली आहे. सकाळी साडेसहापासून दोन खासगी प्रशिक्षक ध्वनिवर्धक लावून झुंबाचे वर्ग घेतात आणि चालण्याच्या मार्गाचा काही भाग अडवून ठेवतात. रविवारी लांबलांबून कुटुंबे येतात, कारंज्यापुढे रील काढणाऱ्यांची झुंबड उडते आणि वाहने आमच्या सोसायटीच्या फाटकासमोर उभी राहतात. माझ्या आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली असून डॉक्टरांनी तिला रोज सपाट जागेवर चालायला सांगितले आहे. परंतु दोन फेऱ्यांनंतर टेकायला बाक रिकामा मिळत नाही, म्हणून ती हल्ली इमारतीच्या वाहनतळातच येरझाऱ्या घालते.

आता परिसरातील सात-आठ सोसायट्यांनी मिळून विभाग कार्यालयाकडे अर्ज करायचे ठरवले आहे. सकाळी साडेपाच ते साडेआठ आणि रविवारी संध्याकाळी ओळखपत्र पाहून फक्त परिसरातील रहिवाशांना प्रवेश द्यावा, अशी त्यातील मुख्य मागणी असून देखभालीच्या खर्चाचा काही वाटा उचलण्याचीही सोसायट्यांची तयारी आहे. मसुदा लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. ही मागणी कायद्याच्या दृष्टीने कितपत टिकेल, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती रास्त आहे का, याविषयी जाणकारांनी मत द्यावे.

जुना माळी

माझी उभी नोकरी महापालिकेच्या उद्यान खात्यात झाली, त्यामुळे असे अर्ज मी बरेच पाहिले आहेत. त्यांत बहुधा दोन प्रकारच्या जागांची गल्लत झालेली असते, म्हणून आधी ती सोडवतो. मोठ्या भूखंडावर इमारती बांधताना विकासकाला ठरावीक हिस्सा मनोरंजनासाठी मोकळा ठेवावा लागतो. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत हे प्रमाण भूखंडाच्या आकारानुसार १५, २० किंवा २५ टक्के होते. ही जागा त्या अभिन्यासातील, म्हणजे त्या भूखंडावर एकत्र आखलेल्या इमारतींतील, रहिवाशांसाठीच असते आणि तिथे तुम्ही बाहेरच्यांना फाटकावर अडवलेत तर कोणी हरकत घेणार नाही. तुमचे उद्यान मात्र महापालिकेचे आहे. ते विकास आराखड्यातील आरक्षणातून आले, साऱ्या शहराच्या करातून उभे राहिले आणि त्याचे नूतनीकरणही त्याच पैशातून झाले. तिथे पत्ता पाहून प्रवेश नाकारण्याचा आदेश कोणताही सहायक आयुक्त सहजासहजी काढणार नाही, आणि काढलाच तर त्याला आव्हान देणारा दुसरा अर्ज आठवड्याभरात येईल.

कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी अंमलबजावणीचा प्रश्न उरतोच. फाटकावर एका पाळीत कंत्राटी सुरक्षारक्षक एकच असतो आणि झाडांना पाणी घालणाऱ्या नळीवर लक्ष ठेवण्यापासून भटकी कुत्री हाकलण्यापर्यंत सगळे त्याच्याच गळ्यात असते. त्याने कोणते ओळखपत्र पाहायचे? तुमच्या इमारतीत भाड्याने राहणाऱ्या कितीतरी जणांच्या आधारपत्रावर गावचा पत्ता असेल. अकरा महिन्यांचा भाडेकरार खिशात घालून कोणी चालायला येत नाही. तुमच्या घरी काम करणाऱ्या बाई दिवसाचे दहा तास परिसरात असतात, पण त्यांचा पत्ता खाडीपलीकडचा असतो. शेवटी होते असे की रक्षक कपडे आणि चेहरा पाहून ठरवतो, आणि ते कोणत्याही अर्जात लिहिलेले नसते.

देखभालीचा खर्च उचलण्याची तयारी लेखी कळवताना तर फार जपून लिहा. मोकळ्या जागा संस्थांना दत्तक देण्याचे धोरण महापालिकेने जानेवारी २०१६ मध्ये मंजूर केले, तेव्हा एवढा विरोध झाला की तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी त्याला स्थगिती दिली. आधी सांभाळायला म्हणून दिलेल्या काही मैदानांवर सदस्यांसाठीचे क्लब उभे राहिल्याचा अनुभव लोकांच्या गाठीशी होता. तुमचा हेतू तसा नसेल, परंतु 'आम्ही खर्च करतो, आम्हाला आधी आत सोडा' हे वाक्य कागदावर आले की वाचणाऱ्याला तेच आठवणार.

मला विचाराल तर तुमच्या अर्जात एक नव्हे, तीन तक्रारी आहेत. ध्वनिवर्धकाला २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार लेखी परवानगी लागते. पैसे घेऊन वर्ग चालवायला उद्यान खात्याने परवानगी दिली आहे का, हे माहितीच्या अधिकारात विचारा. फाटकापुढच्या वाहनांची तक्रार वाहतूक पोलिसांकडे करा. यांपैकी एकाही गोष्टीसाठी कोणाचा पत्ता तपासावा लागत नाही.

रुळांपलीकडची

मी त्याच 'लांबून येणाऱ्यां'पैकी एक असू शकते. आमच्या चाळीपासून असेच एक उद्यान रुळांच्या पलीकडे आहे आणि पादचारी पुलावरून चालत वीस मिनिटे लागतात. आमच्या बाजूला उद्यानासाठी म्हणून आराखड्यात दाखवलेली जागा आहे, पण तिच्यावर वर्षानुवर्षे जप्त केलेल्या गाड्या गंजत पडल्या आहेत. राष्ट्रीय उद्यान वगळले तर मुंबईकराच्या वाट्याला दरडोई दीड चौरस मीटरसुद्धा मोकळी जागा येत नाही, आणि ती जी काही आहे तीही सगळ्या विभागांत सारखी वाटलेली नाही. ज्यांच्या जवळ उद्यान आहे त्यांनाच प्राधान्य, असा नियम झाला तर ज्यांच्या जवळ उद्यान नाही त्यांना कुठेच प्राधान्य उरत नाही. तुमच्या आईंना बाक मिळायलाच हवा. तो ज्येष्ठांसाठी राखून ठेवा, मी माझ्या मुलाला स्वतः उठवेन.

खाडीकाठ, कॅलिफोर्निया

आमच्याकडे नेमका हाच प्रयोग पन्नासेक वर्षे चालला, म्हणून लिहितो. सिलिकॉन व्हॅलीतील पालो आल्टो शहराच्या मालकीचे, तेव्हा फूटहिल्स पार्क म्हणून ओळखले जाणारे, सुमारे १,४०० एकरांचे डोंगराळ उद्यान आहे. ही जमीन घेताना शेजारच्या गावांनी पैशाचा वाटा उचलायला नकार दिला होता आणि १९६९ पासून तिथे फक्त शहरातील रहिवासी व त्यांच्यासोबतचे पाहुणे यांनाच प्रवेश असे. इतरांनी शिरणे हा चक्क दंडनीय गुन्हा होता. पालो आल्टोतील घरांच्या किमती इथल्या कोणाही मराठी माणसाला विचारा. आमच्यापैकी बहुतेकांना त्या शहरात नोकरी परवडते, घर परवडत नाही. त्यामुळे 'रहिवासी' या निर्दोष दिसणाऱ्या शब्दाच्या आड उत्पन्नाची, आणि घरविक्रीतल्या वर्णभेदाच्या तिथल्या इतिहासामुळे वर्णाचीही, चाळणी लागते, असा आक्षेप होता. २०२० मध्ये नागरी हक्क संघटना न्यायालयात गेल्या आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये फाटक सर्वांसाठी उघडले.

उघडल्यावर पहिल्या काही आठवड्यांत खरोखरच गर्दी उसळली, हेही सांगितले पाहिजे. त्यावर शहराने एका वेळी आत असणाऱ्यांची संख्या मर्यादित केली आणि गाडीमागे सहा डॉलर शुल्क लावले. म्हणजे स्थानिकांची गर्दीची भीती खोटी नव्हती, पण तिच्यावर उपाय म्हणून पत्ता विचारायची गरजही पडली नाही. एक फरक मात्र ध्यानात घ्यावा. ते उद्यान पालो आल्टोने एकट्याच्या पैशाने घेतले होते. एवढा भक्कम दावा असूनही रहिवाशांचा नियम टिकला नाही, तर साऱ्या मुंबईच्या पैशाने झालेल्या उद्यानावर सात-आठ सोसायट्यांचा दावा कसा टिकेल?

भायखळेकर

वरील सर्व मते एकाच दिशेने चालली आहेत म्हणून थोडी उलट बाजू मांडतो. प्राधान्य ही कल्पनाच वाईट, असे मला वाटत नाही. बार्सिलोनातील पार्क ग्वेल हे १९२६ पासून सार्वजनिक उद्यान आहे, परंतु पर्यटकांच्या लोंढ्यामुळे शेजारच्या वस्त्यांतील लोकांना तिथे पाय ठेवणे अशक्य झाले. ऑक्टोबर २०१३ पासून शहराने मधल्या प्रसिद्ध भागाला तिकीट लावले, दर तासाच्या प्रवेशाला मर्यादा घातली आणि नोंदणी केलेल्या रहिवाशांना मोफत प्रवेश ठेवला. त्या वस्तीतून जाणारी ११६ क्रमांकाची बस पर्यटकांनी इतकी भरून जाई की २०२४ मध्ये ती गूगलच्या नकाशावरून काढून टाकावी लागली. अशा ठिकाणी स्थानिकाला झुकते माप देणे हा अन्याय नव्हे. पण तिथे एका बाजूला जगभरचे प्रवासी आहेत आणि दुसऱ्या बाजूला रोज तिथे राहणारे. तुमच्याकडे दोन्ही बाजूंना मुंबईकरच आहेत, आणि मला वाटते सगळा फरक तिथेच पडतो.

आमच्या राणीच्या बागेत याची देशी आवृत्ती पाहायला मिळते. १ ऑगस्ट २०१७ पासून मोठ्यांचे तिकीट पाच रुपयांवरून पन्नास रुपये झाले, तेव्हा रोज सकाळी फिरायला येणाऱ्यांचे काय, असा ओरडा झाला होता. त्यांच्यासाठी मासिक पास आहे आणि प्राणी पाहणारी गर्दी यायच्या आत त्यांची फेरी उरकते. हा पास भायखळ्याच्या माणसाला मिळतो तसा लालबागच्या माणसालाही मिळतो. तरी पहाटे तिथे कोण दिसते? चालत येण्याच्या अंतरावर राहणारेच, कारण पहाटे साडेपाचला उठून बोरिवलीहून कोणी भायखळ्याला चालायला येत नाही. बंगळुरूच्या लालबागेतही सकाळच्या वेळी तिकीट न घेता चालायला जाता येते आणि दिवसा पाहायला येणाऱ्यांना ते घ्यावे लागते. तुमच्या अर्जात 'रहिवाशांसाठी' या शब्दाऐवजी 'चालण्यासाठी' हा शब्द घालून पाहा. साडेपाच ते साडेआठ मार्गावर फक्त चालणे, वर्ग नाहीत, ध्वनिवर्धक नाही, चित्रीकरण नाही, एवढे मिळाले तरी तुमच्या आईंची सकाळ मोकळी होते. रविवारच्या संध्याकाळचे दुखणे त्या कारंज्यात आहे. ते रोज एका ठरलेल्या वेळी अर्धा तास लावण्याऐवजी आठवड्यातले दोन-तीन दिवस आणि वेळा विभागून लावले तर गर्दी पांगेल.

जुना माळी

कारंज्याची सूचना चांगली आहे. त्याच्या वेळा बदलणे उद्यान अधीक्षकांच्या पातळीवर होऊ शकते, तेवढ्यासाठी वर जावे लागू नये. अर्ज देताना पोच घ्यायला विसरू नका.

पूर्वउपनगर

सर्वांचे आभार. मसुद्यातून ओळखपत्राची आणि खर्चाच्या वाट्याची अशी दोन्ही कलमे काढतो आहे. ध्वनिवर्धक, वर्गांची परवानगी आणि वाहने यांसाठी तीन स्वतंत्र अर्ज करू, आणि उद्यान खात्याच्या अर्जात सकाळची वेळ चालण्यासाठी राखण्याची, ज्येष्ठांसाठी फाटकाजवळचे चार बाक राखण्याची आणि कारंज्याच्या वेळा बदलण्याची मागणी ठेवू. रविवारी बाहेरच्यांना बंदी हवीच, यावर दोन सोसायट्या अजून अडून बसल्या आहेत. त्यांच्या पदाधिकाऱ्यांना हे सर्व वाचायला पाठवले असून शनिवारी पुन्हा बैठक आहे.