चवथीला तो घरी येणार, पण कोण म्हणून?

आबोली, फोंडा तालुका

लिहू की नको यातच तीन रात्री गेल्या. आज लिहितेच.

माझ्या लग्नाला चौदा वर्षं झाली. मुलगी अकरा वर्षांची आहे. आणि गेली सात वर्षं माझं स.वर प्रेम आहे, तो रायबंदरला राहतो. नवऱ्याला हे पहिल्या महिन्यातच कळलं, कारण मीच सांगितलं. स्वयंपाकघरात उभी होते, गॅसवर पेज रटरटत होती. त्यानंतरचं वर्ष कसं गेलं ते इथं लिहीत नाही. आज नवऱ्याचंही मडगावच्या एकीशी चार वर्षांचं नातं आहे. आम्ही चौघं एकमेकांना ओळखतो, अडीअडचणीला धावतो. ‘पॉलीॲमरी’, म्हणजे सगळ्यांच्या संमतीने एकाहून जास्त जणांवर प्रेम, हा शब्द मला फार उशिरा कळला. शब्दही तसा नवाच, १९९०च्या आसपासचा, अर्धा ग्रीक, अर्धा लॅटिन. आपल्याकडे याला जे शब्द आहेत ते सगळे शिव्यांसारखे: लफडं, भानगड, ठेवलेली. आमच्या चौघांत कोणी ‘दुसरा’ किंवा ‘दुसरी’ हा शब्दही वापरत नाही.

जुलैत स.च्या पोटात असह्य दुखायला लागलं. अपेंडिक्स. भर पावसात मीच गाडी काढून त्याला हॉस्पिटलात नेलं. काउंटरवर विचारलं, “नातं काय?” मी म्हटलं, “मैत्रीण.” “मग बाहेर बसा. घरचं कोणी बोलवा, सही पाहिजे.” त्याचा भाऊ पेडण्याहून येईपर्यंत दोन तास गेले. मी बाकावर बसून होते. मांडीवर प्लास्टिकची पिशवी, तिच्यात त्याची ओली चप्पल, चष्मा आणि सोडून दिलेलं घड्याळ. चष्म्याची डावी दांडी मीच कधीतरी दोऱ्याने बांधून दिली होती. सात वर्षांत या माणसाला कुठल्या गोळीची ॲलर्जी आहे ते मला पाठ झालंय, आणि ते सांगायलाही मला कोणी आत घेईना.

आता चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आलीय. स.ला यंदा गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी बांधायला आमच्या घरी यायचंय. नवरा म्हणतो, येऊ दे. घरी सासूबाई आहेत, वाड्यावरचे लोक येणार-जाणार, आणि मुलगी त्याला नुसतं काका म्हणून ओळखते. ज्यांची अशी नाती वर्षानुवर्षं टिकली आहेत त्यांनी हे कसं निभावलं? आणि त्या बाकावर मला परत बसायचं नाही, त्यासाठी कुठले कागद करून ठेवता येतात?

बार्देशचा एक

आबोलीताई, माझी दोन नाती आहेत. एक नऊ वर्षांचं, एक पाच. मत्सराबद्दल लोक खूप विचारतात. मत्सर येतो आणि बोललं की उतरतो. नाती मोडतात ती वेळेवरून. जिच्याबरोबर मी राहत नाही तिला मी पहिली तीन वर्षं उरलेला वेळ देत होतो. घरी पाहुणे आले, हिचा बुधवार रद्द. घरी ताप, बुधवार रद्द. एकदा ती शांतपणे म्हणाली, “मी तुझ्याकडे सणाला नसते, आजारपणात नसते, मी असते फक्त तू मोकळा असलास की.” त्या रात्री झुआरी पुलावरून परतताना मला गाडी बाजूला घ्यावी लागली.

त्यानंतर आम्ही तिघांनी एक नियम केला. बुधवार रद्द करायचा तर कारण मी एकट्याने ठरवायचं नाही, तिला फोन करून विचारायचं आणि बदली दिवस त्याच फोनवर ठरवायचा. मोबाइलमधलं कॅलेंडर तिघांचं एकच. दर सहा महिन्यांनी तिघंही रक्ततपासणी करतो. एचआयव्हीची चाचणी सरकारी आयसीटीसीत, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, मोफत होते, नावही गुप्त राहतं. ती लाजेची गोष्ट आहे असं आम्हाला कधी वाटलं नाही.

चवथीचं विचाराल तर त्याला बोलवाच. सात वर्षं म्हणजे थोडा काळ नव्हे.

निवृत्त शिक्षिका, डिचोली

मला हे पटत नाही, तरी लिहिते, कारण तुझ्या मुलीच्या जागी मी होते.

माझ्या वडिलांचं साखळीला दुसरं बिऱ्हाड होतं. दर शनिवारी ते जायचे. त्यांची पिशवी आई भरायची. धुतलेलं धोतर, पंचा आणि सगळ्यात वर सोलांची पुडी, कारण ‘तिच्याकडे’ चांगली सोलं मिळत नाहीत असं बाबांनी एकदा म्हटलं होतं. आई ती पुडी दोऱ्याने दोनदा बांधायची. तोंडातून शब्द नाही. आईला कुणी विचारलंच नव्हतं. आणि आई कुणाला असं सांगू शकली असती का, की माझंही अमक्यावर मन आहे? बाबा गेले तेव्हा ती साखळीची बाई आमच्या कुंपणापलीकडे उभी होती. तिला कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही. आम्ही मुलांनीही नाही. याची मला आज सत्तरीत लाज वाटते.

तुझ्या घरी विचारून झालंय, आणि दोन्ही बाजूंनी झालंय, हा फरक मला दिसतो. तो मोठा आहे. पण मुलीला विचारलंस का? मला बाबांचं सत्य शाळेत कळलं, पाण्याच्या नळावर, एका मुलीच्या तोंडून. मी नववीत होते. चवथीआधी तिला तू स्वतः सांग, नवऱ्यालाही शेजारी बसव. ती रागावली तर रागावू दे.

कायद्याचं थोडंफार जाणणारा, पणजी

कागदांचं सांगतो. हॉस्पिटलपासून सुरू करू, कारण तिथं तुमच्यावर अन्याय झाला. रुग्ण सज्ञान आणि शुद्धीवर असेल तर संमती त्याचीच लागते. सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात २००८ साली हे स्पष्ट केलंय. स. यांची स्वतःची सही पुरेशी होती. ‘माझ्या उपचारांची माहिती अमुक व्यक्तीला द्यावी, माझ्या वतीने तिच्याशी बोलावं’ असं पत्र त्यांनी आत्ताच लिहून नोटरी करून ठेवावं. प्रत्येक ठिकाणी मानतीलच असं नाही, पण हातात कागद असला की काउंटरवरची भाषा बदलते. शेवटच्या अवस्थेसाठी लिव्हिंग विल, म्हणजे बरं होण्याची आशा नसेल तेव्हा कुठले उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणं, ते वेगळं. २०२३च्या सुधारित नियमांनुसार दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढं लागतं, आणि आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्यांची एकाहून जास्त नावं घालता येतात. नवऱ्याचं आणि स. यांचं, दोघांचंही नाव घालण्याबद्दल वकिलाशी बोला.

मालमत्तेत गोव्याची गोष्ट वेगळी. लग्नाआधी करार केला नसेल तर पोर्तुगीज काळापासूनच्या कायद्याने तुमचं सगळं समाईक, अर्धं तुमचं, अर्धं नवऱ्याचं. तुमच्या अर्ध्यातलाही अर्धा भाग मुलीसाठी राखीव, तो मृत्युपत्राने दुसऱ्याला देता येत नाही. म्हणजे स. यांच्या नावे ठेवता येईल तो फार तर एकूणाचा चौथा हिस्सा, तोही विशेष नोटरीसमोर केलेल्या मृत्युपत्राने. बँक खात्याला नॉमिनी म्हणून कोणाचंही नाव देता येतं, मात्र नॉमिनी म्हणजे मालक नव्हे.

व्यभिचार हा गुन्हा २७ सप्टेंबर २०१८ला रद्द झाला. घटस्फोटाचं कारण म्हणून तो आजही आहे. आणि एक कळकळीची विनंती, हौस म्हणूनही स. यांच्याशी लग्नाचे विधी करू नका. पहिलं लग्न असताना दुसरं करणं हा सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या सॉमरव्हिल शहराने २०२०मध्ये दोनाहून जास्त जोडीदारांची नोंद मान्य केली. आपल्याकडे असं काही नाही, त्यामुळे एकेक कागद जोडूनच घर शाकारावं लागणार.

आबोली, फोंडा तालुका

चवथ झाली. सगळ्यांना, विशेषतः डिचोलीच्या बाईंना, मनापासून नमस्कार.

मुलीला आम्ही दोघांनी सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी विचारलं, “बाबा एकटे पडणार नाहीत ना?” बाबांनीच उत्तर दिलं. सासूबाईंना मी आदल्या दिवशी एवढंच म्हटलं, हा माझा माणूस आहे. त्या देवघरात जाऊन बसल्या. स. शिडीवर चढला, नवरा खालून नारळांचा घड देत होता, मुलगी आंबाड्यांचे घोस निवडत होती. सासूबाई पूर्ण दीड दिवस त्याच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत, अजूनही बोलत नाहीत. मी जबरदस्ती करणार नाही. त्यांना वेळ लागेल, मला सात वर्षं लागली.

पत्राचा मसुदा तयार आहे. नोटरीकडे पुढच्या बुधवारी जायचंय. स.चा भाऊ पेडण्याहून येतोय, या खेपेस साक्षीदार म्हणून.