मारिया कॅलासने आवाज उधळला की त्याचं चीज केलं?

बिनतारी तंबोरा
गेले दोन महिने ऑपेरा गायिका मारिया कॅलास ऐकतोय. आणि दर वेळी मनात एकच येतं: बाईने आवाज उधळला. ५ जुलै १९६५ ला लंडनच्या कोव्हेंट गार्डनमध्ये ती 'तोस्का' गायली आणि त्यानंतर ऑपेराच्या रंगमंचावर परत उभी राहिलीच नाही. वय ४१! तिच्याहून तीन वर्षांनी लहान असलेली जोन सदरलंड १९९० पर्यंत गायली. गंमत म्हणजे १९५२ मध्ये याच थिएटरात कॅलास 'नॉर्मा' होती, तेव्हा सदरलंड तिच्या सखीच्या चिमुकल्या भूमिकेत होती.

लोक तिचा प्रियकर, ग्रीक जहाजमालक ओनासिस, याच्या नावाने बोटं मोडतात. पण त्याच्या बोटीवर ती गेली १९५९ मध्ये, आणि तिचा वरचा स्वर त्याच्या आधीपासूनच हलत होता. माझ्या मते मूळ जानेवारी १९४९ मध्ये आहे. व्हेनिसला ती वाग्नरच्या ऑपेरातली ब्रुनहिल्डची भूमिका गात होती, म्हणजे पितळी वाद्यांच्या भिंतीवरून आवाज पलीकडे फेकायचा. तेवढ्यात बेल्लिनीच्या 'इ प्युरितानी' या ऑपेराची गायिका आजारी पडली आणि वाद्यवृंदाचे संचालक तुल्लिओ सेराफिन यांनी तिलाच उभं केलं. ही भूमिका नेमकी उलट, तानांची, नाजूक. तिने ती आठवड्याभरात पाठ केली, आणि मधे ब्रुनहिल्ड चालूच. पंचविसाव्या वर्षी! नाव झालं, पण गळा त्याची किंमत पुढे फेडत बसला.

पार्ल्याची आत्या
असहमत. त्या आठवड्याशिवाय कॅलास झालीच नसती. तोवर बेल्लिनी, दोनिझेत्ती या संगीतकारांच्या ऑपेरांतल्या भूमिका म्हणजे गोड गळ्याच्या बायकांनी ताना मारायचं निमित्त झालं होतं. हिने त्या तानांत राग, भीती, वेड भरलं. दोनिझेत्तीचा 'आन्ना बोलेना' तर जवळपास विस्मरणात गेला होता, तो १९५७ मध्ये मिलानच्या ला स्काला ऑपेरागृहात तिच्यासाठी उभा राहिला. चाळीस वर्षं नीटनेटकं गाणाऱ्या हव्या तेवढ्या मिळतील हो.

नाठाळ
आणि वजन? १९५३-५४ च्या सुमारास तीस-पस्तीस किलो उतरवलं बाईंनी. दमसास पोटातून येतो, पोटच गेलं तर काय राहणार? पट्टकृमी गिळला होता म्हणे. (हलके घ्या.)

काळी चार
कृमीची कथा निव्वळ अफवा. वजनाचा मुद्दाही पूर्ण टिकत नाही. १९५५ मधला ला स्कालाचा 'ला त्राव्हियाता' आणि त्याच वर्षीचा बर्लिनचा 'लुचिया', दोन्ही वजन उतरल्यानंतरचे. ध्वनिमुद्रणं ऐका आणि दम कुठे कमी पडतोय ते मला दाखवा. पुढे इटलीतल्या दोन आवाजतज्ज्ञांनी तिला स्नायू दुबळे करणारा आजार असावा असंही मांडलं. तेही शक्य आहे, पण पुरावा म्हणावा असं काही नाही.

मला वाटतं आपण हिंदुस्थानी गाण्याची मोजपट्टी लावतोय. आपला गवई वयापरत्वे पट्टी खाली आणतो. सा खाली घेतला की झालं, कोणी हूं की चूं करत नाही. तार षड्ज टाळला तर रसिक म्हणतात, आता गाणं मुरलं. ऑपेरात ती पळवाट जवळजवळ नाही. पट्टी संगीतकाराने लिहून ठेवलेली, समोर साठ-सत्तर वादक, माइक नाही. वरचा स्वर डगमगला की शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांना कळतं. त्यात बाईंची दृष्टी इतकी अधू की चष्म्याशिवाय संचालकाची काठीही दिसत नसे. सगळं पाठ, सगळं कानावर. त्यामुळे 'उधळला' हा शब्द मला जड वाटतो.

बिनतारी तंबोरा
पट्टीचा मुद्दा मान्य, डोक्यात आला नव्हता. पण मग त्याच नियमात राहून तिच्याच काळातल्या रेनाता तेबाल्दी या गायिकेने कसं जमवलं? ती आपल्या गळ्याला मानवेल तेवढंच गायली.

काळी चार
तेबाल्दीलाही १९६३ मध्ये आवाजाने दगा दिला. वर्षभर थांबावं लागलं तिला. जपून गाणाऱ्यालाही चुकत नाही.

मडगांवकार्न
मी चर्चच्या क्वायरमध्ये वाढले, म्हणून दोन ओळी. एकोणिसाव्या वर्षी एका सरांनी मला माझ्या आवाजाला न पेलणारी जड गाणी द्यायला सुरुवात केली, कारण 'आवाज मोठा आहे'. वर्षभरात मधल्या स्वरावरून वर जाताना गळ्यात पायरी तुटल्यासारखं व्हायला लागलं. गाताना आधी त्या पायरीची भीती वाटते, मग गाणं सुचतं. अजून ती गेलेली नाही. म्हणून तंबोरा म्हणतो ते मला पटतं. फक्त दोष कॅलासला देऊ नका. पंचवीस वर्षांची मुलगी सेराफिनसारख्या माणसाला 'नाही' कशी म्हणणार?

नाठाळ
नाही म्हणायला ती शिकली होती की! २ जानेवारी १९५८, रोम, 'नॉर्मा', प्रेक्षकांत इटलीचे राष्ट्राध्यक्ष. पहिला अंक झाला आणि बाई गेल्या घरी. बदली गायिकाही तयार नव्हती.

पार्ल्याची आत्या
घसा बसला होता तिचा. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी सोलून काढलं. बालगंधर्व साठीतही साडी नेसून उभे राहायचे तेव्हा आपले आजोबा डोळे पुसत टाळ्या वाजवायचे. आपल्याला गंधर्वांचं गेलेलं चालतं, हिचं हललेलं चालत नाही?

तंबोरा, एक काम कर. मार्च १९५८ चा लिस्बनचा 'ला त्राव्हियाता' काढ, प्रत्यक्ष प्रयोगात टिपलेला, गायक आल्फ्रेदो क्राउस सोबत आहे. रोमनंतर तीन महिन्यांच्या आतला. शेवटच्या अंकात नायिका व्हायोलेटा आयुष्याला निरोप देते, ते गाणं लाव. क्षयाने मरणारी बाई आहे. शेवटचा वरचा स्वर ती दोऱ्याइतका बारीक करते, आणि तो थरथरतो. माझ्या मते तिथे आवाज शाबूत असता तर मला खोटं वाटलं असतं.

बिनतारी तंबोरा
ऐकलं. दोनदा. पहिल्यांदा मी 'हलला' म्हणून पुटपुटलो, दुसऱ्यांदा गप्प बसलो. तरी सांगतो, हाच स्वर तिला १९५१ मध्ये हवा तसा मिळत होता, हलवायचा की नाही ते ती ठरवायची. १९५८ मध्ये कोण ठरवत होतं, हे मला त्या ध्वनिमुद्रणातून कळत नाही.

मडगांवकार्न
तिलाही कळत होतं का, कोण जाणे.

नाठाळ
मी तेबाल्दी लावली आहे. शेजारी तरी झोपतील.