रिवाइंडिंग झालेली लूम मोटर, बोल्ट कसले की शाफ्ट जड होतोय

फिटर_विडीघरकुल:
नमस्कार मंडळी. काकांच्या दुकानात मोटर फिटिंग शिकायलोय, सहा महिने झाले. एका टॉवेल कारखान्याची १ एचपी, ९६० आरपीएमची लूम (यंत्रमाग) मोटर जळून आली होती. वाइंडिंग (आतली तांब्याच्या तारेची गुंडाळी) काकांनी स्वतः भरलं, वार्निश मारून ओव्हनला सुकवलं, मेगरला (इन्सुलेशन मोजायचं मीटर) २०० मेगओमच्या वर आलं. फिटिंग मी केली, दोन्ही बेअरिंग ६२०५ नंबरचे नवीन टाकले. कव्हर नुसतं बसवलं तेव्हा शाफ्ट दोन बोटांनी फिरत होता पण चारी बोल्ट कसले की जड होतोय. तरी चालू करून बघितली, फिरते, पण पुलीकडचं बेअरिंग वीस मिनिटांत हात ठेववत नाही इतकं तापतंय. आणि तिन्ही फेजचा करंट आर १.३, वाय १.३, बी १.० अँपिअर, लोड काहीच नाही. काका गावाला गेलेत, मालकाचा सकाळपासून तीनदा फोन आला, लूम बंद म्हणजे विणकराची मजुरी बंद, मला पण बरं वाटंना. वाइंडिंगच चुकलं का? परत उघडू का?

वाइंडर_साखरपेठ:
भाऊ, वाइंडिंगला अजिबात हात लावू नको. तुझे दोन प्रॉब्लेम वेगवेगळे आहेत, एकात एक घालू नको. आधी जडपणा बघू. शाफ्ट हातानं सावकाश फिरव, एकाच जागी अडकत असेल तर शाफ्ट वाकलाय किंवा रोटर घासतोय, पूर्ण फेराभर सारखाच जड असेल तर कव्हर तिरकं बसलंय नाहीतर बेअरिंग शोल्डरपर्यंत (शाफ्टवरची पायरी, जिथं बेअरिंग टेकतं) गेलंच नाही. हे दुसरं लई वेळा होतं. बेअरिंग जरा जरी बाहेर राहिलं तर दोन्ही कव्हर कसल्यावर ते मधे चेपतं आणि तापतं. कव्हर काढ आणि शोल्डर आन् बेअरिंगच्या आतल्या रिंगच्या मधे फट आहे का बघ.
बसवताना पाइप आतल्या रिंगवरच टेकवायचा, बाहेरच्या रिंगवर हातोडी मारली की घाव गोळ्यांवर जातो, मग ते बेअरिंग नवीन असून पण थोड्या दिवसांत आवाज करतं. गरम करून बसवलं तर उत्तम, शंभर अंशाच्या आसपास, १२० च्या वर नाही, गॅसची ज्योत तर लावूच नको. पुलीच्या उलट्या बाजूला लाटेसारखं पातळ वॉशर असतं ते ट्रेमधे राहिलं नाही ना? आणि बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे कसायचे, दरवेळी शाफ्ट फिरवून. एक पूर्ण आवळून मग दुसरा असं करू नको.

मेंटेनन्स_चिंचोली:
करंटचं मी सांगतो. तिन्ही वायर एक एक घर पुढं सरकव, आर च्या जागी वाय, वाय च्या जागी बी, बी च्या जागी आर. तिन्ही सरकवल्यामुळं फिरायची दिशा बदलत नाही. आता बघ कमी करंट कुठं गेला. मोटरच्या त्याच टर्मिनलला राहिला तर वाइंडिंगमधे दोष, कॉईल उलटी जोडली किंवा टर्न कमीजास्त. पण लाइनसोबत फिरला म्हणजे बी लाइनलाच राहिला तर सप्लायमधे दोष, मोटर बिचारी बरी आहे. सोबत आर-वाय, वाय-बी, बी-आर तिन्ही व्होल्टेज मोटर चालू असतानाच मोज. व्होल्टेजमधे थोडा जरी फरक असला तरी करंटमधे त्याच्या कितीतरी पट दिसतो.
आवाज येत असेल तर स्विच बंद करून ऐक. वीज गेल्या क्षणी आवाज थांबला तर वाइंडिंगचा, मोटर थांबेपर्यंत येत राहिला तर बेअरिंगचा किंवा फॅन घासायचा.

फिटर_विडीघरकुल:
सगळ्यांचे आभार. कव्हर काढलं, पुलीकडच्या बेअरिंगच्या आणि शोल्डरच्या मधे हॅक्सॉ ब्लेडचं पातं आरामात गेलं! जुनं बेअरिंग पुलरनं ओढताना शोल्डरच्या मुळाशी शाफ्टवर बारीक कोर उठली होती, ती बोटाला लागली, डोळ्याला दिसत नव्हती. कानसीनं साफ केली, पॉलिश पेपर मारला, एवढ्या तापलेल्या बेअरिंगवर भरवसा नको म्हणून ते बदलून दुसरं गरम करून बसवलं, अलगद टेकलं. वॉशर जागेवरच होतं. आता चारी बोल्ट कसून शाफ्ट दोन बोटांनी फिरतो.
वायर सरकवल्या तर १.० बी लाइनलाच राहिला. व्होल्टेज ४१५, ४०३, ४०४. मग लक्षात आलं, वार्निशचा ओव्हन त्याच फेजवर चालू होता. ओव्हन बंद केला तर तिन्हीला १.२ आला. मोटर चांगली असताना मी वाइंडिंग उघडायला निघालो होतो.

जॉबर_पूर्वभाग:
छान काम केलंस दादा. पण लगेच टेम्पोत टाकू नको. तासभर नो लोड चालव, दोन्ही बाजूची बेअरिंग थर्मामीटरनं बघ. नंतर कारखान्यात लूमला बेल्ट लावल्यावर तिन्ही फेजचा करंट परत मोज आणि प्लेटवरच्या आकड्याशी ताडून बघ, ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटर बंद करतो तो) त्यानुसारच लाव. आमच्याकडं जळणाऱ्या मोटरींत एक फेज गेल्यामुळं जळलेल्याच जास्त असतात, फ्यूज एकच उडतो आणि लूम चालूच राहतो, त्यामुळं आधीचं वाइंडिंग कशानं जळलं ते विचारून घे, नाहीतर हे पण जळून मोटर महिन्याभरात परत येईल. एप्रिल-मेमधे आपल्याकडं पारा ४० च्या वर, त्यात सुताचं तूस फॅन कव्हरवर गादीसारखं बसतं, हवा कुठून जाणार. मालकाला सांग, दर आठवड्याला मोटर बंद करून ब्रशनं झाडून घ्या.

फिटर_विडीघरकुल:
जुन्या वाइंडिंगचा फोटो बघितला, दोन फेज काळ्या पडल्यात आणि एक तशीच तांबूस आहे. मोटर स्टारला आहे (तिन्ही फेजच्या वाइंडिंगचं एकेक टोक एकत्र जोडलेलं). म्हणजे तिसऱ्या फेजचा सप्लायच गेला होता ना?

वाइंडर_साखरपेठ:
बरोबर, सिंगल फेजिंग, म्हणजे एक फेज गेली तरी मोटर उरलेल्या दोनवर चालत राहिली. उद्या मोटर बसवायच्या आधी त्यांच्या स्विचचे तिन्ही फ्यूज आणि कॉन्टॅक्टरचे (मोटर चालू-बंद करणारा स्विच) पॉइंट स्वतः उघडून बघ.