कोलेस्टेरॉल ताब्यात आहे, मग बाबांना गाऊटची गोळी का?

कृष्णाकाठ:
बाबा ६३ वर्षांचे, सांगलीत असतात. दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ६२, बीपी-साखर ठीक. फक्त एचएस-सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) जास्त, ३.८ आलं, महिन्याने पुन्हा केलं तर ३.६. डॉक्टरांनी रोज कोल्चिसिन ०.५ मिग्रॅ लिहून दिलंय. गाऊटने (यूरिक अ‍ॅसिडच्या सांधेदुखीने) आत्याचा अंगठा सुजला की तिला हीच गोळी देतात, आणि जुलाब लागतात! डॉक्टर म्हणाले, "वयाने धमन्यांना आतून सूज आहे." पण बाबांना दुखत तर काहीच नाही. मला काळजी वाटतेय, कुणी समजावेल का?

मिरजेचा निवृत्त फिजिशियन:
काळजी रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहितो. धमनीला आतून एंडोथेलियमचा, म्हणजे एका पेशीइतकाच जाड थर असतो. निरोगी पेशी नायट्रिक ऑक्साइड सोडतात, त्याने धमनी सैल राहते (१९९८ चं नोबेल याच शोधाला). वय, धूर, साखर, बीपी यांचा मारा सोसून काही पेशींचं विभाजन कायमचं थांबतं. तरी त्या मरत नाहीत. आयएल-६ सारखी दाह वाढवणारी रसायनं सोडत बसतात आणि आढीतल्या नासक्या आंब्यासारख्या शेजारणींनाही बिघडवतात. मग पांढऱ्या पेशी भिंतीत शिरतात, चरबीच्या थराचं आवरण ठिसूळ होतं, ते फाटलं की गुठळी. सगळं न दुखता. सीआरपी यकृतात बनतं, तेही मुख्यतः आयएल-६ मुळे.

२०१७ च्या कॅन्टॉस चाचणीत कोलेस्टेरॉलला हात न लावता, फक्त दाह कमी करून हार्ट अटॅक कमी झाले. पण त्यात वापरलेलं इंजेक्शन महाग, शिवाय जीवघेणे जंतुसंसर्ग वाढले. कोल्चिसिनही दाह कमी करतं, आणि स्वस्त आहे. २०२० च्या लोडोको-२ मध्ये ५,५२२ स्थिर हृदयरुग्णांत अटॅक, स्ट्रोक, पुन्हा अँजिओप्लास्टी, हृदयविकाराने मृत्यू हे सारं मिळून ३१ टक्क्यांनी घटलं. ताज्या अटॅकनंतर लगेच दिलं तेव्हा मात्र २०२४ च्या मोठ्या चाचणीत फायदा दिसला नाही. बाबा स्थिर गटातले, त्यामुळे मला सल्ला पटतो. क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) बघितलंय ना? आणि क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक कुणी लिहून दिलं तर कोल्चिसिन चालू असल्याचं आधी सांगा. दोन्ही एकत्र घातक ठरू शकतात.

दातांची डॉक्टर:
बाबांच्या हिरड्या कशा आहेत? मिश्री, तंबाखू? हिरड्यांच्या जुनाट आजारानेही सीआरपी वाढतं.

कृष्णाकाठ:
मनापासून आभार. क्रिएटिनिन १.० आहे. तंबाखू अँजिओप्लास्टीनंतर सुटली, पण ब्रश करताना रक्त येतं, हे आईकडून आत्ता कळलं. उद्याच दाखवतो.