लहान मुलांसह लोकलने राणीच्या बागेत: आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

अ-१०२ (सचिव): सर्व सभासदांना नमस्कार. नाताळच्या सुट्टीत सोसायटीतल्या लहान मुलांना घेऊन एका दिवसाची सहल काढावी, असे मागच्या बैठकीत ठरले. ठिकाण म्हणून भायखळ्याची राणीची बाग सुचवली गेली आहे. खासगी बस करायची की डोंबिवलीहून लोकलने जायचे, हे मात्र ठरायचे आहे. येणारी बहुतेक मुले दोन ते आठ वर्षांची आहेत, हे ध्यानात घेऊन आपले मत कृपया सविस्तर कळवावे.

ब-३०४: माझे मत बसच्या बाजूने आहे. बस आपल्या फाटकाशी उभी राहील, सामान आत ठेवता येईल आणि मूल झोपले तर त्याला कडेवर घेऊन पुलाचे जिने चढावे लागणार नाहीत. शिवाय एक काळजी स्पष्टपणे मांडते. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर विरुद्ध दिशांनी जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांतले प्रवासी खाली पडले आणि त्यात काहींचा जीव गेला. आपल्यापैकी अनेकजण रोज त्याच मार्गाने कामाला जातात. मोठी माणसे नाइलाजाने जातात, पण सहलीसाठी तीन वर्षांच्या मुलीला त्या गर्दीत न्यायला माझे मन तयार होत नाही.

क-२०१: ताई, तुमची काळजी रास्त आहे. माझी गार्डची नोकरी बहुतांशी याच मार्गावर झाली, त्यामुळे ती मी हलक्यात घेणार नाही. तो अपघात सोमवारी सकाळी, ऐन कामाच्या वेळी झाला होता. त्या वेळच्या गाडीत लहान मुलांना न्यावे, असे मीही कधी सांगणार नाही. पण गर्दी प्रत्येक गाडीला आणि दिवसभर सारखी नसते, म्हणून दिवस, वेळ आणि गाडी या तीन गोष्टी आपण नीट निवडाव्यात, एवढेच माझे म्हणणे आहे.

प्रथम गाडीबद्दल लिहितो. कर्जत, कसारा किंवा बदलापूरहून येणारी जलद लोकल डोंबिवलीला भरूनच येते आणि इथे ती जेमतेम अर्धा मिनिट थांबते. तेवढ्यात बाबागाडी, पिशवी आणि मुलाचा हात सांभाळून चढणे धोक्याचे आहे. आपण डोंबिवलीहूनच सुटणारी धीमी लोकल धरावी. ती फलाटावर काही वेळ उभी असते, घाई न करता चढता येते आणि मुलांना बसायला जागा मिळते. जलद गाडीपेक्षा पंधरा-वीस मिनिटे जास्त लागतील, पण मूल खिडकीशी बसलेले असेल तर ती मिनिटे कोणालाही जड जात नाहीत. मुंब्र्याला एका बाजूला पारसिकचा डोंगर आणि दुसऱ्या बाजूला खाडी दिसते, कळव्याच्या पुढे खाडीवरचा पूल लागतो, आणि ठाण्यापासून पुढे तर १६ एप्रिल १८५३ रोजी देशातली पहिली प्रवासी गाडी ज्या मार्गावर धावली, त्याच मार्गावरून आपण जातो. बोरीबंदर ते ठाणे हे चौतीस किलोमीटरचे अंतर ओढायला त्या गाडीला साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिने लावली होती. ही नावे मुलांना फार आवडतात. वाटेत मी ती गोष्ट सांगेन.

आता दिवसाबद्दल. रविवार सगळ्यांना सोयीचा वाटतो, पण रविवारी मध्य रेल्वेवर बहुधा मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी काही मार्ग बंद, असतो आणि तो साधारण सकाळी अकरापासून दुपारी चारपर्यंत चालतो. जलद मार्गावर ब्लॉक असला की जलद गाड्या धीम्या मार्गावर वळवतात, त्यामुळे धीम्या गाड्याही रखडतात आणि भरतात. मुले थकून परतायला निघतील ती वेळ नेमकी त्यातच येते. म्हणून शनिवार घ्यावा. २०२० च्या फेब्रुवारीअखेरीपासून राज्य सरकारी कार्यालयांना शनिवारी सुट्टी असते, अनेक खासगी कार्यालयेही बंद असतात, त्यामुळे सकाळी साडेनऊनंतर गाडीत मोकळेपणा असतो. बुधवारी मात्र बाग बंद असते, हे सुट्टीतला दुसरा एखादा दिवस निवडणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

ड-४०३: काकांनी सांगितलेले पटते. माझा मुलगा अडीच वर्षांचा आहे, त्यामुळे एका गोष्टीकडे लक्ष वेधते. लोकलमध्ये स्वच्छतागृह नसते आणि भायखळ्यापर्यंत सव्वा तासाच्या आसपास गाडीत बसावे लागेल. नुकतीच लंगोटाची सवय सुटलेल्या मुलांचे काय करायचे, याचा विचार आधीच व्हायला हवा. बसमध्येही हा प्रश्न राहतोच. किंबहुना शिळफाट्याला बस अडकली तर तो अधिक बिकट होतो, कारण तिथे उतरून जाण्याजोगी जागा नसते. घाटकोपरला किंवा दादरला निदान फलाटावर उतरता तरी येते.

क-२०१: अगदी योग्य मुद्दा. निघण्यापूर्वी घरीच सर्व मुलांना नेऊन आणावे आणि गाडीत पाणी घोट-घोटच द्यावे. तरीही कोणाला लागलेच तर त्या कुटुंबाने नि:संकोच दादरला उतरावे, सोबत आणखी एका मोठ्या माणसाने उतरावे आणि दोघांनी मागच्या गाडीने भायखळ्याला यावे. बाकीच्यांनी बागेच्या फाटकाशी त्यांची वाट पाहावी.

अ-५०२: लोकलला माझा पाठिंबा आहे. एवढ्या लांब जाणारच आहोत, तर सकाळी राणीची बाग, दुपारी वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र आणि संध्याकाळी गेटवे ऑफ इंडिया असा बेत करता येईल का? भुयारी मेट्रो आता आरेपासून कफ परेडपर्यंत सुरू झाली आहे आणि विज्ञान केंद्राजवळ तिचे स्थानकही आहे. मुलांना एकाच दिवसात लोकल, मेट्रो आणि समुद्र असे तिन्ही पाहायला मिळेल.

ब-१०१: मी अनेक वर्षे बालवाडीत शिकवले आहे आणि मुलांना घेऊन अशा सहली काढल्या आहेत, म्हणून आपल्या सूचनेला आग्रहाने विरोध करते, राग मानू नये. तीन ठिकाणांचा बेत मोठ्या माणसांना भरगच्च आणि म्हणून चांगला वाटतो, पण चार वर्षांच्या मुलाला ठिकाणे मोजायची नसतात. त्याला एका जागी रमायचे असते. हत्तीसमोर ते वीस मिनिटे उभे राहील, मग वाटेतल्या मुंग्यांच्या रांगेपाशी दहा मिनिटे बसेल, आणि पुढचे ठिकाण गाठायचे असल्यामुळे आपण त्याला ओढत नेऊ लागलो की तिथून रडारड सुरू होते. दिवसभर ‘चला, लवकर चला’ एवढेच त्याच्या कानी पडते. थकवा ठिकाणापेक्षा चढण्या-उतरण्याने अधिक येतो. भायखळ्याहून वरळी आणि वरळीहून गेटवे म्हणजे प्रत्येक वेळी जिने, रांगा, तिकिटे, आणि पुन्हा सगळी मुले मोजणे आले. त्यात संध्याकाळी गेटवेवरून निघालो तर परतीच्या गर्दीतच सापडू, आणि मघाशी ताईंनी मांडलेली काळजी खरी ठरेल.

राणीच्या बागेत एका दिवसापुरते खूप काही आहे. २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून आणलेल्या हंबोल्ट पेंग्विनची वातानुकूलित खोली मुलांना सर्वांत आवडते आणि तिथे गर्दी होते, म्हणून आधी तिकडे जावे. त्यानंतर पक्ष्यांच्या मोठ्या पिंजऱ्यात आत फिरता येते. पण मला स्वतःला तिथली जुनी झाडे दाखवायची आहेत. एकोणिसाव्या शतकात ही बाग वनस्पती उद्यान म्हणून उभी राहिली, प्राणी नंतर आले. गोरखचिंचेच्या अवाढव्य बुंध्याला सगळ्या मुलांनी हात धरून वेढा घालावा. त्यासाठी वेगळे काही आयोजन लागत नाही. भाऊ दाजी लाड संग्रहालय शेजारीच आहे. आतली दालने या वयाच्या मुलांसाठी नाहीत, पण बाहेर उभा असलेला दगडी हत्ती अवश्य दाखवावा. तो घारापुरीहून आणलेला आहे, आणि त्याच हत्तीवरून पोर्तुगिजांनी त्या बेटाला एलिफंटा हे नाव दिले. विज्ञान केंद्रासाठी उन्हाळ्याच्या सुट्टीत स्वतंत्र दिवस काढू. तेव्हा मुलेही थोडी मोठी झालेली असतील.

अ-५०२: आपले म्हणणे पटले. माझी सूचना मागे घेतो. विज्ञान केंद्राच्या सहलीची जबाबदारी मे महिन्यात मी घेईन.

ब-३०४: शनिवारी आणि डोंबिवलीहून सुटणाऱ्या गाडीने जाणार असू, तर माझी हरकत नाही. परतीचे काय? भायखळ्याला गाडी आधीच भरून येते, हे मला माहीत आहे.

क-२०१: परतीसाठी दुपारी अडीच-तीनच्या सुमारास बागेतून निघावे. भायखळ्याला गाडीत शिरण्याऐवजी उलट दिशेने सीएसएमटीला (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला) जावे. मध्ये सँडहर्स्ट रोड आणि मशीद ही दोनच स्थानके आहेत. तिथून सुटणाऱ्या कल्याण किंवा डोंबिवलीच्या धीम्या गाडीत सर्वांना एकत्र बसता येईल, आणि मुले झोपली तर त्यांना मांडी मिळेल. त्यासाठी जाताना परतीचे तिकीट काढू नये. भायखळा ते सीएसएमटी आणि सीएसएमटी ते डोंबिवली अशी दोन वेगळी तिकिटे काढावीत. भायखळ्याचे परतीचे तिकीट हातात घेऊन उलट दिशेने सीएसएमटीला जाणे नियमात बसत नाही, आणि मुलांसमोर तपासनीसाशी वाद घालण्याची वेळ येऊ नये. पाच वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही, पाच ते बारा वर्षांच्या आतील मुलांना अर्धे लागते. पाचव्या वर्षाच्या काठावरच्या मुलांचे जन्मदाखले मोबाइलमध्ये ठेवावेत.

ब-१०१: सीएसएमटीला दहा मिनिटे असतील तर बाहेर येऊन ती इमारत मुलांना दाखवावी. २००४ पासून ती जागतिक वारशाच्या यादीत आहे, पण मुलांना यादीशी देणेघेणे नाही. भिंतींवर कोरलेले प्राणी शोधायला सांगितले की ती आपणहून वर पाहू लागतात. मुले पेंगुळलेली असतील तर हे सोडून द्यावे.

ड-४०३: सामानाबद्दल माझी विनंती अशी की, प्रत्येक कुटुंबाने पाठीवरची एकच पिशवी घ्यावी, म्हणजे दोन्ही हात मुलासाठी मोकळे राहतील. मोठी बाबागाडी कृपया आणू नये. पुलाच्या जिन्यावर ती उचलायला दोन माणसे अडकून पडतात. घडी होणारी हलकी गाडी किंवा छातीशी बांधायची झोळी पुरेशी आहे. खाण्यासाठी दशम्या, धपाटे, केळी आणि चुरमुरे असे कोरडे पदार्थ आणावेत. ज्यात रस्सा आहे असे काहीही नको. प्रत्येक मुलासाठी कपड्यांचा एक जादा जोड आणि ओल्या कपड्यांसाठी कापडी पिशवी घ्यावी. अंगावर पिणारे बाळ माझ्या जावेचेही आहे. आम्ही दोघी लेडीज डब्यात बसू आणि माझा मुलगा आमच्याबरोबर असेल.

क-२०१: त्याला हरकत नाही, लहान मुलगे लेडीज डब्यात चालतात. मात्र आपला सर्वसाधारण डबा त्याच्या अगदी शेजारचा असेल असे आपण पाहू, म्हणजे उतरताना फलाटावर एकमेकांना शोधावे लागणार नाही.

शेवटी सर्वांत महत्त्वाचे सांगतो, आणि प्रत्येक घरातल्या मोठ्यांनी ते मुलांशीही बोलून घ्यावे. चढताना आधी एक मोठे माणूस आत जाईल, मग मुले, आणि सर्वांत शेवटी दुसरे मोठे माणूस. उतरतानाही असेच, आणि फलाट व गाडी यांच्यामधली पोकळी असते तिथे मुलाला उचलूनच घ्यावे. दाराशी कोणीही उभे राहू नये, उतरण्याची तयारी एक स्थानक आधी सुरू करावी. तरीही ताटातूट झालीच, तर जो फलाटावर राहिला त्याने तिथून हलू नये, आणि जो गाडीत गेला त्याने पुढच्याच स्थानकावर उतरून तिथे थांबावे. चालत्या गाडीमागे धावू नये, सुटलेल्या गाडीतून उडी मारू नये. पलीकडच्याला आणायला आपल्यापैकी एकजण जाईल. रेल्वेचा मदत क्रमांक १३९ आणि मुलांसाठीचा १०९८ हे दोन्ही सर्वांनी आजच मोबाइलमध्ये नोंदवावेत. मुलांच्या मनगटावर फक्त पालकांचा क्रमांक असलेली पट्टी बांधावी. नाव लिहू नये, कारण अनोळखी माणसाने नावाने हाक मारली की मूल लगेच विश्वास ठेवते.

क-५०३: माझ्या सासूबाईंना नातवंडांबरोबर यायची फार इच्छा आहे, पण गुडघ्यांमुळे जिने चढवत नाहीत. त्यांच्यासाठी काही करता येईल का?

अ-१०२ (सचिव): अवश्य. त्यांना न घेता जाण्याचा विचारही नको. आजींना मी माझ्या गाडीतून थेट बागेच्या फाटकाशी आणेन आणि दोन जड पिशव्याही त्याच गाडीत येतील. परतताना ज्या मुलाची तब्येत ठीक नसेल ते आणि त्याची आई आमच्याबरोबर येऊ शकतील.

सर्वांचे मत लोकलच्या बाजूने झाले आहे, असे धरून पुढची व्यवस्था करतो. नाताळनंतरच्या शनिवारी सकाळी नऊ वाजता सोसायटीच्या फाटकाशी जमावे. कोणती गाडी धरायची ते क-२०१ मधले काका आदल्या दिवशी वेळापत्रक पाहून कळवतील. येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने मुलांची नावे, वये आणि सोबतच्या मोठ्यांची नावे ग्रुपवर न लिहिता मला वैयक्तिक निरोपाने गुरुवारपर्यंत पाठवावीत. एका मुलामागे एक मोठे माणूस, हे प्रमाण ज्या घरात जमत नसेल त्यांनी तसे मोकळेपणाने सांगावे. ब-१०१ आणि अ-५०२ यांनी सोबत राहण्याची तयारी मला आधीच कळवली आहे.