‘असाइन’ आणि ‘रीप्रोजेक्ट’: मराठीत दोन शब्द हवेत

उभाआडवा:
मंडळी, अडलोय. इथे सोलापुरात पाणलोटाच्या कामावरच्या मुलांसाठी क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरची मराठी पुस्तिका लिहितोय. मुलं बारावी नाहीतर आयटीआय झालेली. मेनूवर झटपट क्लिक करतात, पण आत्ता काय केलंस म्हणून विचारलं की गप्प.

मेनूत दोन गोष्टी शेजारीशेजारी आहेत: ‘असाइन प्रोजेक्शन’ आणि ‘रीप्रोजेक्ट लेयर’. प्रोजेक्शन म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर आणायची पद्धत. पहिल्या मसुद्यात मी दोन्हीकडे ‘प्रक्षेपण देणे’ लिहून मोकळा झालो. त्याचं फळ लगेच मिळालं. एका मुलाने मोबाइलवरून शेततळ्यांचे बिंदू आणले. आकडे अंशांत, १७.६ आणि ७५.९ असे. त्यांना त्याने थेट ३२६४३ हा कोड, म्हणजे यूटीएम या मीटरांत मोजणाऱ्या पद्धतीचा पट्टा ४३ उत्तर, ‘दिला’. सॉफ्टवेअरने ७५.९ मीटर समजून घेतले. या पट्ट्याच्या मध्यावर ७५ अंशांचं रेखावृत्त आहे आणि त्यालाच ५ लाख मीटर हा आकडा दिलेला आहे. सोलापूर त्याच्या जरा पूर्वेला, म्हणजे आपला आकडा सहा लाखांच्या आसपास यायला हवा. इथे आला पाऊणशे. म्हणजे मध्यापासून जवळजवळ ५०० किलोमीटर पश्चिमेला. उत्तरेचा आकडा साडेसतरा मीटर, म्हणजे विषुववृत्तावरच. आमची शेततळी मालदीवच्या पश्चिमेला समुद्रात गेली. तळी भरली, एवढंच समाधान.

तर प्रश्न असा: आकडे तसेच ठेवून ‘हे अमुक पद्धतीतले आहेत’ असं नुसतं सांगणं, आणि आकडेच दुसऱ्या पद्धतीत बदलून घेणं, यांना दोन वेगळे शब्द कोणते?

शेंगाचटणी:
प्रक्षेपण म्हटलं की पोरांना श्रीहरिकोटा आठवणार, नाहीतर क्रिकेट. प्रोजेक्शनच ठेवा की ओ. आमच्या गवंड्यालासुद्धा कळतं, ‘स्लॅबला दोन फुटाचं प्रोजेक्शन सोडा’ म्हणतो.

शुद्धमती:
गवंड्याचं प्रोजेक्शन म्हणजे छज्जा. त्याचा इथे काय संबंध? आणि क्रिकेटचं प्रसारण असतं, प्रक्षेपण नव्हे. वाहिन्यांनी चुकीचं रूढ केलं म्हणून आपण तेच म्हणायचं का? प्रक्षेपण ही क्रिया, तिच्यातून जो मिळतो तो प्रक्षेप. रीप्रोजेक्टला सरळ ‘प्रक्षेपांतर’ म्हणा. भाषांतर, स्थलांतर, पक्षांतर चालतं, मग हेच का खटकावं?

शेंगाचटणी:
पक्षांतर चालतं हे खरंय.

मागाहून घातलेली ओवी:
प्रक्षेप म्हणजे मूळ ग्रंथात मागाहून घुसडलेला मजकूर. आमच्या आजोबांच्या तोंडी ‘ही ओवी प्रक्षिप्त आहे’ हे वाक्य कायम असायचं. नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती असल्याच ओव्यांपायी. तेव्हा ‘प्रक्षिप्त नकाशा’ म्हणालात तर मला तो बनावटच वाटणार.

शुद्धमती:
दोन्ही अर्थ क्षिप् धातूतूनच येतात. क्षिप् म्हणजे फेकणे. आक्षेप, विक्षेप, संक्षेप, हस्तक्षेप हे सगळे सख्खे भाऊ.

शेंगाचटणी:
या धाग्यावर आक्षेप झाले, हस्तक्षेप झाले, संक्षेप तेवढा राहिलाय.

दहावी ब:
पुस्तिकेत ‘निर्देशांक’ लिहिलं असेल तर आधी ते काढा. निर्देशांक शेअर बाजाराचा, महागाईचा. कोऑर्डिनेटला निर्देशक. गणित भाग २ मध्ये ‘निर्देशक भूमिती’ हा अख्खा धडा आहे, मी वीस वर्षं शिकवतोय. निर्देशांक हिंदीतून आलंय.

मागाहून घातलेली ओवी:
आणि हिंदीत निर्देशक म्हणजे सिनेमाचा दिग्दर्शक. आमच्याकडं घरात तेलुगू, गल्लीत कन्नड, शाळेत मराठी आणि थेटरात हिंदी. पोरानं कुठला निर्देशक धरायचा?

जुनी साखळी:
मी मोजणी खात्यात नोकरी केली, भूकरमापक म्हणून निवृत्त झालो. संगणक मला येत नाही, पण हा घोटाळा जुनाच आहे. आमची साखळी ३३ फुटांची आणि तिचे १६ आणे. साखळीभर लांब, साखळीभर रुंद म्हणजे १०८९ चौरस फूट, तो गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एकर. टिपणावर नुसता ८ असायचा. एका नव्या मुलाने ते फूट धरले. आठ आणे म्हणजे अर्धी साखळी, साडेसोळा फूट होतात. खूण साडेआठ फूट अलीकडे पडली. ज्याची जमीन कमी झाली तो काठी घेऊन आला आणि ज्याची वाढली त्याने आम्हाला चहा पाजला.

‘हा आकडा आण्यांतला आहे’ असं सांगणं वेगळं आणि आण्यांचे फूट करणं वेगळं. सांगताना आकडा तोच राहतो. फूट करताना आकडा बदलतो, पण बांध जागेवरून हलत नाही. तुमच्या पोराने अंशांना मीटर म्हटलं, आमच्याने आण्यांना फूट म्हटलं. शब्द कुठलाही घाला.

उभाआडवा:
काका, हे जसंच्या तसं पुस्तिकेत घालतो. मग पहिल्याला ‘ओळख सांगणे’ आणि दुसऱ्याला ‘रूपांतर’ केलं तर?

शुद्धमती:
‘ओळख सांगणे’ ही परिभाषा नव्हे, गप्पा झाल्या. ‘प्रक्षेप-निर्देश’ घ्या.

दहावी ब:
निर्देशकाशेजारी निर्देश? मुलं मरतील.

अक्कलकोट रोड:
शब्दांवर भांडा खुशाल, पण ‘प्रोजेक्शन म्हणजे नुसता नकाशा कसा दिसतो ते’ असं पुस्तिकेत चुकूनही लिहू नका. जालावरचे बहुतेक नकाशे ३८५७ मध्ये असतात, वेब मर्केटर. विषुववृत्तापासून लांब जावं तसा तो ताणत जातो. सोलापूरच्या अक्षांशावर लांबी जवळपास ५ टक्के फुगते, म्हणजे क्षेत्र १० टक्के. मी आमचं एकराचं रान त्यात आखून सपाट क्षेत्रफळ काढलं, ४४ गुंठे आले. चुलते शेजारी बसलेले. त्यांनी लगेच वरचे चार गुंठे कुणी दाबलेत यावर विचार सुरू केला. क्यूजीआयएसमध्येच ‘डॉलर एरिया’ या सूत्राने काढलं तर पृथ्वीचा गोलावा धरून ४० येतात, पण तोवर चुलते उठून गेले होते. आजही भेटले की चार गुंठ्यांचं विचारतात.

शेंगाचटणी:
कुणाकडं निघाले मग ते चार गुंठे?

अक्कलकोट रोड:
मर्केटरकडं.

पंचकार्ड:
मी जकार्डच्या मागाची डिझाइनं काढायचो, आता मुलगा संगणकावर काढतो. मला हे वाचताना आमचा ग्राफ आठवला. चादरीची नक्षी आधी चौकटीच्या कागदावर. एक उभी ओळ म्हणजे ताण्याचा धागा, आडवी म्हणजे बाण्याचा. आता इंचात ताणे आणि बाणे सारखे नसतात. तेव्हा कागदाच्या चौकटीही त्याच हिशोबात लांबट घ्याव्या लागतात. साध्या चौरस कागदावर काढलेला मोर मागावर उतरला की बुटका होतो. नवशिक्याचा पहिला मोर बुटकाच असतो. कागदावरनं कापडावर जाण्याला आम्ही ‘उतरवणे’ म्हणतो. ‘डिझाइन उतरलं का?’ रीप्रोजेक्टला ‘उतरवून घेणे’ का म्हणत नाही?

उभाआडवा:
‘थर (म्हणजे लेयर) ३२६४३ मध्ये उतरवून घ्या.’ बरं वाटतंय कानाला!

शुद्धमती:
उद्या थर खाली उतरवतील आणि हंडी फोडतील.

मागाहून घातलेली ओवी:
पंचकार्ड, नकाशा आणि नक्षी एकाच घरचे. अरबी ‘नक्श’, म्हणजे कोरणे. तुम्ही आणि हे जीआयएसवाले एकच धंदा करताय.

पंचकार्ड:
नक्षीला पैसे कमी मिळतात.

उभाआडवा:
पुस्तिका सोमवारी छपाईला जातेय. ‘रूपांतर’, ‘प्रक्षेपांतर’ की ‘उतरवून घेणे’? आणि ‘असाइन’चं अजून काहीच ठरलेलं नाही.

दहावी ब:
ते होईल हो. पंचकार्ड, ‘ताणा’ की ‘ताना’? आमच्या शाळेत ‘ण’वर मार्क जातात.