मदत हवी आहे: सीटीतला नॉइज जातो, पण बारीक गाठही पुसली जाते

कमी डोसच्या (कमी क्ष-किरण वापरलेल्या) सीटी स्कॅनमधला नॉइज, म्हणजे दाणेदार खरखर, काढायला यू-नेट (प्रतिमांवर काम करणारं न्यूरल नेटवर्क) ट्रेन करतोय. डेटा मेयो क्लिनिकच्या 2016 च्या लो-डोस चॅलेंज या स्पर्धेचा. डोस पाव केला की नॉइज साधारण दुप्पट होतो. तेवढा मॉडेल व्यवस्थित काढतं, पीएसएनआरही (प्रतिमा मूळ चांगल्या प्रतिमेच्या किती जवळ आहे ते सांगणारा आकडा) छान वाढतो. पण यकृतातली, आजूबाजूपेक्षा जेमतेम 15-20 एचयूने (हाउन्सफील्ड युनिट, सीटीतलं घनतेचं माप) वेगळी दिसणारी बारीक गाठ पार गुळगुळीत होऊन जाते. आणि डॉक्टरांना तर तीच दिसायला हवी!

लॉस (मॉडेलची चूक मोजणारं सूत्र) एमएसई, म्हणजे फरकांच्या वर्गांची सरासरी आहे, तो सगळं सरासरीकडे ओढतो हे कळतंय. पर्सेप्च्युअल लॉस (पिक्सेलऐवजी दुसऱ्या नेटवर्कने टिपलेली वैशिष्ट्यं ताडून पाहणारा) जोडावा का? गॅनची (खरी वाटणारी प्रतिमा तयार करायला शिकणारं मॉडेल) मला भीतीच वाटते. मुळात नसलेला पोत त्याने रंगवला तर रुग्णाचं काय? गाठ टिकली की नाही, हे तुम्ही कशाने मोजता? रेडिओलॉजिस्टबरोबर काम केलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.